एक माणूस जास्त

ती गेल्याचं कचेरीला कळलं तो सोमवार होता. तोवर तिला जाऊन बारा आठवड्यांना एक दिवस कमी झाला होता. इमारतीला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, कचऱ्याच्या गाडीवरच्या बाईलाही माहीत होतं. कचेरीला तेवढं माहीत नव्हतं, कारण तिथे कळवायचं काम टर्नरचं होतं आणि त्याने ते केलं नव्हतं.

टर्नर म्हणजे तिचा नवरा. अडतीस वर्षं एकाच कारखान्यात लेथवर उभा राहिलेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्याला टर्नरच म्हणत.

सोमवारी दुपारी पाहणीवाली मुलगी आली. दर तीन महिन्यांनी यायची, ही तिसरी खेप. नगरपालिकेने शहरातली दोनशे घरं निवडली होती. प्रत्येक घराला दोन बादल्या, एक छोटा डबा आणि टांगून वजन करायचा एक ताणकाटा दिला होता. ओल्याची बादली, सुक्याची बादली, आणि कशातच बसत नाही त्याचा डबा. रोज सकाळी गाडी यायच्या आधी तिन्ही काट्याला लावायचे आणि वजन कागदावर लिहायचं. रात्री जेवणं झाली की चौथा रकाना भरायचा, 'आज घरात माणसं किती'. आठवड्याला एक कागद. असं वर्षभर. शहराचा कचरा या चालीने वाढत राहिला तर शहराबाहेरचा खड्डा किती वर्षं निभेल, आणि घराघरात वेगळा केलेला कचरा खरोखर मातीत परत जातो की नुसताच गाडीत एकत्र होतो, हे कचेरीला मोजायचं होतं.

घर निवडलं गेलं तेव्हा टर्नर बायकोला म्हणाला होता, "आता कांद्याची सालं पण सरकारला दाखवायची का?" ती म्हणाली होती, "तुम्ही जन्मभर लोखंडाचे छिलके मोजलेत, मी काही बोलले का?" आणि काटा भिंतीवर टांगून मोकळी झाली होती.

मुलगी आत आली, चप्पल दाराशी काढली, टेबलापाशी बसली. टर्नरने तेरा कागद पिन लावून तयार ठेवले होते.

"काका, आज आनंदाची बातमी आहे," ती म्हणाली. "साहेबांनी तुमचं घर प्रदर्शनासाठी काढलंय. दोनशे घरांत सगळ्यात स्थिर आकडा तुमचा. माणशी रोज तीनशे दहा ग्रॅम ओला, तो पहिल्या सहा महिन्यांत हललेला नाही. लोकांचं काय होतं, सुरुवातीला उत्साह असतो, मग बादल्या कोपऱ्यात जातात. तुमच्याकडे रेघ अशी सरळ आहे, फूटपट्टीने ओढल्यासारखी. काकूंचा बादल्यांबरोबर फोटो हवाय. आहेत ना घरात?"

टर्नरने कागद तिच्यापुढे सरकवले. ती लगेच ते चाळायला लागली.

"सगळं चोख आहे. हा एक रकाना तेवढा राहिलाय बघा. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. वजनं लिहिलीत, माणसं लिहायची राहिलीत. दोनच ना? टाकू दोन?"

"नको," टर्नर म्हणाला. "राहू दे तो."

"अहो, एका आकड्यासाठी कशाला? काकूंना विचारा हवं तर. बाहेर गेल्यात का?"

"ती नाहीये."

"किती वाजता येतील? मी थांबते. नाहीतर उद्या येते."

"यायची नाही ती आता," टर्नर म्हणाला. "त्या मंगळवारीच गेली."

मुलीने पेन खाली ठेवलं. मंगळवारच्या ओळीपर्यंतचं अक्षर गोल होतं, बुधवारपासून ते उभं आणि टोकदार झालं होतं. आकडे काय, सगळ्यांचे सारखेच दिसतात. चाळताना ते तिने पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

मंगळवारी सकाळी बायकोनेच वजनं केली होती. ओला सहाशे वीस, सुका दोनशे, डबा चाळीस. खाली जाऊन बादल्या गाडीत रिकाम्या केल्या, वर आली, बादल्या धुतल्या, पालथ्या घातल्या. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "जरा बसते हं." टर्नर दाढी करत होता. "बस की," तो म्हणाला. एवढंच बोलणं झालं. दहाला दवाखान्यात नेली, अकराला डॉक्टर बाहेर आले. चौथा रकाना रात्री भरायचा असतो, तो कोणी भरला नाही.

बुधवारी सकाळी लेक-जावई आणि नात घरात होती. टर्नर सहाला उठला आणि बादली काट्याला लावली. लेक म्हणाली, "बाबा, आज राहू द्या ना." तो म्हणाला, "गाडी काय थांबणार आहे का?" रात्री त्याने रकाना भरला. घरात माणसं चार होती. त्याने पाच लिहिले. असं का लिहिलं हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. रविवारपर्यंत पाच, मग लेक गेली आणि दोन. तेव्हापासून रोज दोन.

मुलीने मंगळवारनंतरच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "काका, मला खूप वाईट वाटतं. गेल्या वेळी त्यांनी मला देठांची भाजी करायला शिकवलं होतं."

"शिकवायची खोड होती तिला."

"पण मग हे दोन, दोन..."

"वजनं खरी आहेत," टर्नर म्हणाला. "एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. पाहिजे तर काटा तपासा. महिन्याला लिटरभर पाणी लावून मी तो तपासतो."

"वजनं खरी आहेत, काका. भागाकार खोटा आहे."

उभ्या जन्मात टर्नरला कोणी असं म्हटलं नव्हतं. अर्धा सूत फरक पडला म्हणून त्याने एकदा स्वतःच्या हातचे चाळीस दांडे बाद केले होते. फोरमन हातापाया पडत होता की पाठवून दे, कोणाला कळतंय, तरी.

"एका माणसाने काय होतं?" तो म्हणाला. पण आवाज त्याचा त्यालाच पटला नाही.

मुलगी समजुतीने बोलत होती, शिकवल्यासारखी नाही. "शहरातली सगळी घरं आम्ही मोजू शकत नाही ना. म्हणून तुमच्या एका घरामागे तुमच्यासारखी तीनशे घरं धरलीत. तुम्ही एक माणूस जास्त लिहिलंत की तिकडे तीनशे होतात. नसलेली तीनशे माणसं. ती जेवतात, सालं टाकतात, आणि तरी शहराचा कचरा वाढत नाही असं दिसतं. साहेब त्यावरून नव्या खड्ड्याचं ठरवणार आहेत."

टर्नर खिडकीकडे बघत राहिला. तीनशे माणसं हे त्याने मनात धरलंच नव्हतं. त्याच्या हिशोबात ती एकटीच होती.

"मग आता काय?"

"नियम असा आहे की खोटी नोंद सापडली तर घर बाद. आणि घर बाद म्हणजे पहिल्या दिवसापासून बाद."

"तिचे महिने पण?"

"तिचे पण."

तिने सहा महिन्यांत एक सकाळ चुकू दिली नव्हती. ताप होता तेव्हा शाल गुंडाळून काट्याशी उभी राहिली होती. लेकीकडे दोन दिवस जायचं तर टर्नरला काटा कसा धरायचा हे सात वेळा सांगून गेली होती, जणू त्याने आयुष्यात कधी मोजमाप केलंच नव्हतं.

मुलीने कागदांची पिन काढली. "मी हे नेत नाही. गुरुवारी येते. तुम्ही स्वतः चुका दुरुस्त केल्यात, लाल पेनने, प्रत्येक दुरुस्तीपुढे सही केलीत, तर ती दुरुस्ती धरतात. खोटी नोंद नाही. मग घर 'एकटा माणूस' या गटात जाईल आणि काकूंचे महिने जसेच्या तसे राहतील."

"आणि फोटो?"

ती जरा घुटमळली. "फोटो नाही होणार. ओला तसाच आहे आणि माणूस एक झाला. तीनशे दहाचे सहाशे वीस होतील. रेघ एकदम वर जाईल. खरं सांगू का काका, गल्लीत सगळ्यात जास्त तुमचाच येईल." मग तिने विचारलं, "पण एकट्याचा एवढा ओला कसा होतो?"

टर्नरने ओट्यावरचा मग दाखवला. स्टीलचा, तळाशी निमुळता, कान तुटलेला. "दोघांना एक मग तांदूळ. मला एवढंच माप येतं. तिने कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही."

"मग अर्धा मग घ्या."

"अर्ध्यावर खूण नाही त्याच्या," टर्नर म्हणाला.

मुलीने पेन उचललं. ती उठली, चप्पल घातली, आणि दारातून म्हणाली, "गुरुवारी येते. चहा प्यायला येते असं समजा."

मंगळवार गेला. टर्नरने लाल पेन विकत आणलं आणि कागदांवर आडवं ठेवून दिलं. दोनदा टोपण काढलं, दोनदा लावलं.

बुधवारी दुपारी वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई झाकलेलं ताट घेऊन आली. टर्नरची बायको गेल्यापासून ती दिवसाआड येत होती. गळ्यात टेप तसाच, ओठांत टाचणी, ती काढून मग बोलायची.

"टर्नरभाऊ, आज गाजर घातलंय, वाढून घ्या."

टर्नरने ताट घेतलं नाही. "बाई, एक सांगायचंय. रागवू नका."

"रागवायला मला वेळ कुठे आहे? सांगा."

"तुमचं जेवण मी खात नाही. म्हणजे थोडं खातो. माझा भात असतोच, त्यात तुमचं येतं. उरलेलं सकाळी बादलीत जातं."

शिंपीणबाईने ताट टेबलावर ठेवलं. "बादलीत."

"ओल्या."

"ओल्याच जाईल, सुक्या कसं जाईल?" ती खुर्ची ओढून बसली. "किती जातं?"

"तसं काही नाही."

"भाऊ, तुमच्याकडे काटा आहे. किती जातं?"

"परवा एकशे चाळीस ग्रॅम गेलं," टर्नर म्हणाला. "त्याच्या आधी दोनशे दहा. त्या दिवशी वांगी होती."

शिंपीणबाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की टेप गळ्यातून खाली सरकला. "माझ्या नवऱ्याने वीस वर्षांत वांग्यांना नावं ठेवली, पण ग्रॅममध्ये कधी सांगितलं नाही." हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. "मला वाटायचं, भाऊ ताटं घासूनपुसून परत देतात, म्हणजे जेवतात. मी मेली माप वाढवत गेले."

"ताट घासतो ते तिच्यामुळे. खरकटं ताट परत दिलं तर ती जीव घेईल माझा."

दोघंही 'घेईल' या शब्दापाशी थांबले. शिंपीणबाईने विषय बदलला नाही.

"वहिनी मला जेवायला बसवायच्या तेव्हा आधी कागद बघायच्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे काय? तर म्हणाल्या, तू जेवलीस तर मला तीन लिहायला लागतील. आणि एकदा मी नुसतीच आमटी प्यायले तर त्यांनी किती लिहिलं माहितीये?"

"अडीच," टर्नर म्हणाला.

त्याला ते भांडण आठवत होतं. तो म्हणाला होता, माणूस अडीच असतो का कुठे? तिने कागद उलटा करून नियम दाखवला होता. पूर्ण न जेवता थोडंच खाल्लं तर अर्धा धरावा. "तुमच्या लेथवर अर्धा सूत चालतो, मग माझ्या कागदावर अर्धी शिंपीण का नाही चालत?" आठ दिवस ती हे वाक्य सगळ्यांना सांगत होती.

"बाई, मी रोज एक जास्त लिहिला," टर्नर म्हणाला. "ती गेल्यापासून. कचेरीने पकडलं."

शिंपीणबाई काही वेळ टेप बोटाला गुंडाळत बसली. "पकडलं असं कशाला म्हणता? पण भाऊ, वहिनींनी अर्ध्या माणसासाठी मला ओट्यापाशी उभं करून विचारलं होतं, नक्की आमटीच प्यायलीस ना, भात नाही खाल्लास ना. त्यांच्या कागदात अख्खं माणूस जास्त?" ती उठली. "आज हे ताट खा. सगळं. उद्यापासून मी विचारून आणेन. आणि वांगी आणणार नाही."

टर्नरने ताट सगळं खाल्लं. त्या दिवशी भात लावला नाही. मग हात धुऊन कागद पुढे ओढले.

पहिली दुरुस्ती बुधवारची. पाच खोडून चार. पुढे सही. वाटलं होतं हात थांबेल, पण थांबला नाही. अडतीस वर्षं तो खोडायचं असेल तिथे खोडत आला होता. रविवारपर्यंत चार. सोमवारी दोनाचा एक. मग प्रत्येक दिवशी एक, एक, एक. प्रत्येक सहीला तो तारीख वाचायचा आणि त्या दिवशी काय केलं ते आठवायचा. एका शुक्रवारी गॅस चालू ठेवून बाहेर गेला होता. एका रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा "आई झोपलीय" म्हणता म्हणता राहिला होता. एका गुरुवारी भात खारट झाला म्हणून सगळाच्या सगळा बादलीत गेला होता, नऊशे ऐंशी ग्रॅम. ते त्याने तेव्हाही प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

ब्याऐंशी दुरुस्त्या झाल्या. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. मंगळवारचा रकाना त्याने तसाच सोडला.

मग त्याने ओट्यावरचा मग घेतला. तांदूळ काठोकाठ भरले, पातळ पिशवीत ओतले आणि पिशवी काट्याला लावली. तीनशे चाळीस. त्यातले एकशे सत्तर परत मगात ओतले, मग ओट्यावर हलकेच आपटला, तांदूळ सपाट केले. आखणीची जुनी सुई अजून त्याच्या डब्यात होती. तांदूळ काठापासून किती खाली आहेत ते व्हर्नियरच्या मोजपट्टीने मोजलं आणि तो मग फिरवत आतून बारीक गोल रेघ ओढली. भांडं तळाशी निमुळतं असल्यामुळे अर्धं माप मधोमध येत नव्हतं. मध्यापेक्षा बोटभर वर आलं. अंदाजाने टाकलं असतं तर रोज कमी पडलं असतं.

गुरुवारी सकाळी ओल्याच्या बादलीत दोनशे ऐंशी ग्रॅम निघाले. त्याने परत काटा लावून पाहिला. दोनशे ऐंशीच.

दुपारी पाहणीवाली आली. टर्नरने चहा केला, एक कप तिला, एक स्वतःला, आणि भांड्यात काही उरलं नाही. तिने एकेक कागद उलटून सह्या मोजल्या. मध्येच एकदा नाक ओढलं आणि खोकल्यासारखं केलं.

"झालं काका. काकूंचे महिने राहिले. मी साहेबांशी बोलले आहे."

"साहेब काय म्हणाले?"

"आधी चिडले. फलक छापायला निघाला होता. मग म्हणाले, घरातलं माणूस गेलं की कचरा कमी होत नाही, तेवढाच राहतो, हे आपल्याला माहीतच नव्हतं. शहरात एकटी राहणारी माणसं किती असतील? त्यांचा वेगळा तक्ता करा म्हणाले." तिने दुसऱ्या आठवड्याचा कागद पुढे सरकवला. "आता हा मंगळवार तेवढा सांगा. त्या सकाळी होत्या, दुपारी नव्हत्या. दीड लिहू?"

"नियम जेवणावर आहे," टर्नर म्हणाला. "तिने नुसता चहा घेतला होता. चहा धरत नाहीत."

"मग एक."

"मी पण नव्हतो जेवलो."

मुलीने कागद उलटा केला आणि मागचे नियम वरपासून खालपर्यंत वाचले. पाहुण्यांचा नियम होता, बाळाचा होता, प्रवासाला गेलेल्यांचा होता.

"यात असं काही दिलेलं नाही," ती म्हणाली. "शून्य लिहावं तर वजनं आहेत. शून्य माणसांचा सहाशे वीस ग्रॅम कचरा कसा होईल?"

"वजन तिनेच केलं," टर्नर म्हणाला. "तिला शून्य कसं लिहिणार?"

"मग दोनच ठेवू या का? त्या दिवसापुरतं. मी काही म्हणणार नाही."

टर्नरने मान हलवली. "दोन लिहायची सवय लागली होती मला. आता नको."

मग मुलीने बाकीच्या बारा कागदांना पिन लावली आणि तो दुसऱ्या आठवड्याचा टेबलावर ठेवला. "वर्ष संपायला अजून तेरा आठवडे आहेत. तोवर हा तुमच्याकडे राहू दे. सुचेल तेव्हा भरा."

ती गेल्यावर टर्नरने कप धुतले आणि नव्या आठवड्याच्या कागदावर गुरुवारचा चौथा रकाना रात्रीसाठी मोकळा ठेवला. जुना कागद काट्याच्या खिळ्याला अडकवला. ओला सहाशे वीस, सुका दोनशे, डबा चाळीस, तिच्या गोल अक्षरात. माणसं किती, ते लिहायचं राहिलं आहे.